काष्ठौषधींतील जड धातूंची तपासणी : नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम हे चार धातू चूर्णात अपायकारक प्रमाणात असले तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत आणि वासावरूनही ओळखता येत नाहीत. चूर्ण पाण्यावर तरंगते का, लिंबाच्या रसाने त्याचा रंग बदलतो का, लोहचुंबकाला ते चिकटते का, अशा घरगुती परीक्षांचा येथे काहीही उपयोग नाही. तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते. मात्र नमुना प्रयोगशाळेत पोचवला की काम संपले, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. या कामात राहून माझे असे मत झाले आहे की चुका यंत्रात कमी आणि यंत्राच्या आधी व नंतर अधिक होतात; आधी नमुना चुकीच्या रीतीने घेतला जातो आणि नंतर अहवालातला आकडा मात्रेशी न ताडता वाचला जातो. म्हणून या दोन टप्प्यांवर पुढे अधिक विस्ताराने लिहिले आहे. हे लेखन स्वतः औषधे बनवणारे वैद्य, लहान औषधनिर्माते, प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले विद्यार्थी आणि घरात नियमाने घेतले जाणारे औषध तपासून पाहू इच्छिणारे वाचक यांच्यासाठी आहे.

औषधाची जात आधी ठरवावी

पहिला प्रश्न असा की समोरचे औषध केवळ वनस्पतींचे, म्हणजे काष्ठौषधी आहे, की त्यात खनिजे व धातू मुद्दाम घातलेले आहेत. त्रिफळा चूर्ण, अश्वगंधा चूर्ण, गुळवेलीचे सत्त्व ही पहिल्या प्रकारची उदाहरणे होत. त्यांच्यात शिसे सापडले तर ते प्रदूषण असते. आरोग्यवर्धिनी वटी, त्रिभुवनकीर्ती रस किंवा महायोगराज गुग्गुळ यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्या पाठातच पारद, हिंगुळ किंवा धातूंची भस्मे सांगितलेली आहेत. आरोग्यवर्धिनीच्या पाठातील प्रमाणावरून हिशेब केला तर पाठभेद लक्षात घेऊनही पारा एकूण औषधाच्या सुमारे दोन ते तीन टक्के भरतो, म्हणजे दशलक्ष भागांत वीस हजारांहून अधिक भाग. वनस्पतिजन्य औषधांसाठी पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग आहे. ही मर्यादा आरोग्यवर्धिनीला लावून ‘नापास’ म्हणणे निरर्थक आहे. त्याचबरोबर, केवळ ‘आयुर्वेदिक’ हा शब्द वाचून तिला काष्ठौषधी समजणेही धोक्याचे आहे.

योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे इतकी सारखी आहेत की दुकानात एकाच्या जागी दुसरे सहज दिले जाते. पहिला योग मुख्यतः वनस्पतींचा आहे, तर दुसऱ्यात नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, आणि रससिंदूर हे घटक येतात. म्हणून वेष्टणावरील घटकांची यादी वाचताना पुढील शब्द ओळखता आले पाहिजेत : नाग म्हणजे शिसे, पारद, रस, हिंगुळ, कज्जली, रससिंदूर आणि रसकर्पूर यांत पारा, मनःशिला, हरताळ आणि सोमल यांत आर्सेनिक, मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. यांपैकी एकही शब्द यादीत असेल तर नमुना पाठवताना तसे प्रयोगशाळेला लेखी कळवावे. कज्जलीत पारा आणि गंधक समभाग असतात. असा नमुना पूर्वसूचना न देता सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात गेला तर यंत्राच्या नळ्यांत पारा चिकटून राहतो आणि पुढच्या निर्दोष नमुन्यांचे आकडेही बिघडतात.

भस्मांच्या पारंपरिक परीक्षांविषयी येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. रेखापूर्ण आणि वारितर या परीक्षा भस्म किती सूक्ष्म व हलके झाले आहे हे सांगतात. अपुनर्भव आणि निरुत्थ या परीक्षा धातू पुन्हा मूळ रूपात येत नाही हे पाहण्यासाठी आहेत. भस्म करणाऱ्याच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु धातूचे एकूण प्रमाण किती आहे आणि शरीरात किती शोषले जाईल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या देत नाहीत. या लेखाचा पुढील भाग काष्ठौषधींपुरताच आहे.

मर्यादा कोणत्या आणि कोठून आल्या

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानुसार वनस्पतिजन्य औषधांत शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम यांहून अधिक असू नये. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. व्यवहारात एका ग्रॅम औषधात एक मायक्रोग्रॅम धातू असेल तर तो एक पीपीएम. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत जड धातू आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या वर्षी, १४ ऑक्टोबर २००५ रोजी, केंद्राच्या आयुष विभागाने आदेश काढला आणि १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतींपासून बनलेल्या आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली.

या मर्यादा औषधाच्या वजनावर आहेत, रोजच्या मात्रेवर नाहीत, एवढे येथे ध्यानात ठेवावे. त्याचा परिणाम पुढे अहवाल वाचताना दिसेल.

नमुना घेणे

जड धातू चूर्णात साखरेसारखे विरघळून सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. मुळीला चिकटलेला मातीचा एखादा कण, दळणयंत्रातून निघालेला धातूचा बारीक कीस किंवा रस्त्याकडेला वाळवताना बसलेली धूळ यांमुळे एका चमच्यात शिसे भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य असे सहज घडू शकते. म्हणून पोत्याच्या तोंडावरची मूठभर मुळी उचलून पाठवणे म्हणजे नमुना घेणे नव्हे.

वनस्पतिजन्य द्रव्यांच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पद्धत लहान निर्मात्यालाही परवडणारी आहे. खेपेत पाचपर्यंत पोती किंवा डबे असतील तर प्रत्येकातून नमुना घ्यावा. ६ ते ५० असतील तर पाचांतून घ्यावा. ५० हून अधिक असतील तर दहा टक्के पोत्यांतून घ्यावा, आणि त्यासाठी पोत्यांची संख्या पुढच्या दहाच्या पटीत धरावी, म्हणजे ५१ पोत्यांना ६० समजून सहा पोती उघडावीत. प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून माल काढावा. तळाकडे दुर्लक्ष करण्याची सवय फार घातक आहे, कारण माती आणि बारीक चुरा वाहतुकीत तळाशीच जमतो. सर्व माल स्वच्छ प्लास्टिकच्या ताडपत्रीवर एकत्र करून त्याचा सपाट चौकोनी ढीग करावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत आणि उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. हवे तेवढे वजन उरेपर्यंत हे करत राहावे. शेवटी उरलेल्या मालाचे दोन भाग करून एक प्रयोगशाळेला पाठवावा आणि दुसरा मोहोरबंद करून स्वतःकडे राखून ठेवावा. हा राखीव भाग पुढे वाद निर्माण झाल्यास एकमेव आधार ठरतो.

घरातील औषध तपासायचे असेल तर एकाच बॅच क्रमांकाची दोन न उघडलेली वेष्टणे घ्यावीत. उघडलेली बाटली पाठवली तर धातू निर्मात्याकडून आला की घरातल्या चमच्यावरून, हे सांगता येत नाही. अपवाद एकच : औषध घेणारी व्यक्ती आजारी असेल तर तिने प्रत्यक्ष घेतलेली बाटलीच महत्त्वाची ठरते आणि तीही पाठवावी.

नमुना कशात ठेवावा, यालाही महत्त्व आहे. स्वच्छ, नवी पॉलिथिनची पिशवी किंवा प्लास्टिकची रुंद तोंडाची बाटली चालते. वर्तमानपत्राच्या कागदात नमुना बांधू नये आणि पिशवीला स्टेपलरची टाचणी मारू नये. नमुना पितळी खलबत्त्यात तर कधीही कुटू नये. पितळ घडवायला सोपे जावे म्हणून त्यात पुष्कळदा थोडे शिसे घातलेले असते, आणि कठीण मुळी कुटताना तेच नमुन्यात उतरते. प्रयोगशाळेत यासाठी अॅगेट दगडाचा खल वापरतात. हाच विचार औषध बनवण्याच्या भांड्यांनाही लागू आहे : कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असेल, तर आवळ्यासारख्या आंबट द्रव्यांचा काढा त्यात उकळताना शिसे काढ्यात येते.

आधी राख तपासावी

महागड्या यंत्राकडे जाण्यापूर्वी एक स्वस्त आणि जुनी परीक्षा करून घेणे शहाणपणाचे आहे. द्रव्य जाळून मिळालेली राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात आणि न विरघळलेला भाग गाळून, पुन्हा तापवून मोजतात. हा न विरघळणारा भाग मुख्यतः वाळू आणि मातीचा असतो. औषधकोशात प्रत्येक वनस्पतीसाठी त्याची कमाल टक्केवारी दिलेली आहे. ती ओलांडली गेली तर द्रव्य नीट धुतलेले नाही, आणि मातीबरोबर शिसे व आर्सेनिकही आले असण्याची शक्यता वाढते. या परीक्षेने धातू मोजला जात नाही आणि ती धातूंच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही. पण कोणती पोती आधी परत पाठवावीत, हे तिच्यावरून कळते. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांसारख्या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नये. त्या पाण्यातील धातू आपल्या पेशींत ओढून घेतात, म्हणून पाने स्वच्छ धुतली तरी आतला धातू तसाच राहतो.

आम्लपचन

यंत्राला चूर्ण देता येत नाही. त्याचे स्वच्छ द्रावण करावे लागते. सध्याची प्रचलित रीत अशी की सुमारे ०.५ ग्रॅम चूर्ण अचूक वजन करून टेफ्लॉनच्या बंद भांड्यात घ्यायचे, त्यात अतिशुद्ध प्रतीचे ५ ते ७ मिलिलिटर नायट्रिक आम्ल आणि १ ते २ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचे, काही वेळ उघडे ठेवून पहिला फेस शांत होऊ द्यायचा, आणि मग मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये टप्प्याटप्प्याने १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेथे १५ ते २० मिनिटे ठेवायचे. भांडे पूर्ण थंड झाल्यावरच धुराच्या कपाटात उघडावे, कारण आत साठलेला तपकिरी वायू विषारी असतो. द्रावण अतिशुद्ध पाण्याने ५० मिलिलिटर करावे.

बंद भांड्याचा आग्रह पाऱ्यासाठी आहे. पारा आणि काही अंशी आर्सेनिक उष्णतेने उडून जातात. म्हणून चूर्ण भट्टीत जाळून राख करायची आणि तीच राख विरघळवून चारही धातू मोजायचे, ही पद्धत या कामासाठी वर्ज्य मानावी. तिच्यामुळे पारा ‘आढळला नाही’ असा खोटा दिलासा मिळतो.

औषधाच्या स्वरूपाप्रमाणे येथे काळजी बदलते. अवलेह आणि घृत यांत साखर व स्नेह भरपूर असल्याने आम्लाशी जोराची अभिक्रिया होऊन भांड्यातील दाब एकदम वाढतो. अशा वेळी नमुना ०.२ ग्रॅमपर्यंत कमी करावा. आसव आणि अरिष्ट यांत मद्यार्क असतो, आणि मद्यार्कावर तीव्र नायट्रिक आम्ल ओतणे हे स्फोटाला आमंत्रण आहे. म्हणून मोजून घेतलेल्या थोड्या अरिष्टातील मद्यार्क आधी मंद उष्णतेवर उडवून द्यावा आणि मगच आम्ल घालावे. नव्या विद्यार्थ्याला हे काम देताना ही सूचना तोंडी न देता भांड्याजवळ लिहून लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

भांडी आदल्या रात्री दहा टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवून सकाळी अतिशुद्ध पाण्याने धुवावीत. ०.३ पीपीएमची मर्यादा असलेले कॅडमियम मोजताना नळाच्या पाण्याने विसळलेली बाटलीही निकाल बदलू शकते.

मोजणी

आज या कामासाठी सर्वांत योग्य यंत्र म्हणजे आयसीपी-एमएस. त्यात द्रावणाचे तुषार आर्गॉन वायूच्या अतितप्त ज्योतीत जातात, धातूंचे आयन बनतात आणि त्यांच्या वस्तुमानानुसार त्यांची गणना होते. चारही धातू एकाच वेळी आणि अतिशय अल्प प्रमाणापर्यंत मोजता येतात. ज्या प्रयोगशाळेत हे यंत्र नाही तेथे अणुशोषण वर्णपटमापी, म्हणजे एएएस, वापरतात. त्यात शिसे आणि कॅडमियमसाठी ग्राफाइट भट्टी, आर्सेनिकसाठी हायड्राइड पद्धत आणि पाऱ्यासाठी शीतबाष्प पद्धत अशी स्वतंत्र जोडणी लागते. साध्या ज्वालेवर चालणारे एएएस शिशासाठी आणि विशेषतः कॅडमियमसाठी पुरेसे संवेदनशील नसते, हे प्रयोगशाळा निवडताना विचारून घ्यावे.

क्ष-किरणांवर चालणारे हातात धरायचे यंत्र गोदामातील पोती चाळण्यासाठी उपयोगी आहे. शिसे शेकड्यांनी पीपीएम असेल तर ते क्षणात दाखवते. परंतु कॅडमियमची ०.३ पीपीएमची मर्यादा त्याच्या आवाक्याबाहेर आहे. सल्फाइडच्या काळपट रंगावरून सर्व धातू एकत्रितपणे ‘शिसे म्हणून’ मोजण्याची जुनी परीक्षा अमेरिकी औषधकोशाने १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकली. आर्सेनिकची गुट्झाइट परीक्षा, जिच्यात जस्त आणि आम्लाने निर्माण झालेला आर्सिन वायू मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला पिवळा ते तपकिरी डाग पाडतो, ती महाविद्यालयांत अजून शिकवली जाते. आर्सिन प्राणघातक वायू असल्याने ती धुराच्या कपाटाबाहेर करू नये.

आयसीपी-एमएस कितीही चांगले असले तरी ते फसू शकते, आणि आपल्या औषधांत त्याला फसवणारी द्रव्ये आहेत. आर्सेनिकचे वस्तुमान ७५ आहे. आर्गॉनच्या ४० आणि क्लोरीनच्या ३५ वस्तुमानाचे अणू एकत्र आले तर त्यांचीही बेरीज ७५ होते आणि यंत्राला ते आर्सेनिकच वाटते. लवणभास्कर चूर्णात किंवा सैंधव असलेल्या हिंग्वाष्टक चूर्णात क्लोराइड विपुल असते. अशा नमुन्यात हेलियम वायूची टक्कर-कोठडी, म्हणजे असे जोडलेले कण वाटेतच गाळून टाकणारा यंत्राचा भाग, न वापरता आर्सेनिक मोजले तर निर्दोष चूर्ण दोषी ठरण्याची भीती असते. कॅडमियमच्या बाबतीत मॉलिब्डेनमचा ऑक्साइड असाच घोटाळा करतो. शिशाची समस्थानिके उगमाप्रमाणे कमीजास्त असतात, म्हणून २०६, २०७ आणि २०८ या तिन्हींची बेरीज घ्यावी. पारा नळ्यांना चिकटू नये म्हणून द्रावणात अत्यल्प सोने घालतात आणि दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र जास्त वेळ धुतात.

आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा

प्रत्येक तुकडीबरोबर चूर्ण न घालता केवळ आम्लांवर सर्व प्रक्रिया केलेला एक कोरा नमुना चालवावा. त्यात शिसे दिसले तर ते आम्लातून, भांड्यातून किंवा हवेतून आलेले असते. एका नमुन्यात ज्ञात प्रमाणात धातू मिसळून तो कितपत परत मिळतो हे पाहावे. शंभर भाग घातले आणि ऐंशी ते एकशेवीस भाग परत मिळाले तर पद्धत सामान्यतः समाधानकारक समजतात. तिसरी आणि सर्वांत कठोर कसोटी म्हणजे प्रमाणित संदर्भ पदार्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे पीच झाडाच्या पानांचे १५४७ क्रमांकाचे चूर्ण असे आहे की त्यातील शिसे ०.८७ पीपीएम असल्याचे प्रमाणित आहे. आपल्या हातून त्याच्या जवळचा आकडा आला तर आम्लपचनापासून गणितापर्यंतची साखळी बरोबर आहे असे म्हणता येते. ज्ञात धातू मिसळण्याची कसोटी येथे अपुरी पडते, कारण वरून घातलेला धातू द्रावणात आधीच मोकळा असतो, तर पानाच्या पेशींत अडकलेला धातू बाहेर काढणे हेच खरे काम असते.

ग्राहकाने किंवा वैद्याने प्रयोगशाळेला चार गोष्टी विचाराव्यात. आयएसओ १७०२५ मानकानुसार एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांची क्षमता प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, अधिस्वीकृती आहे काय, आणि त्या अधिस्वीकृतीच्या व्याप्तीत आयुर्वेदिक औषधांतील हे चार धातू येतात काय? पाणी तपासण्याची अधिस्वीकृती चूर्णाला लागू होत नाही. औषधनिर्मात्याला परवान्याच्या कामासाठी अहवाल हवा असेल तर प्रयोगशाळेला १९४५ च्या औषध नियमांखालीही (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मान्यता असली पाहिजे. कोणते यंत्र वापरणार? प्रत्येक धातूची किमान मोजणी-मर्यादा किती? निकाल ओलाव्यासह की कोरड्या वजनावर देणार? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ओलाव्यासह ९ पीपीएम शिसे असलेल्या चूर्णात बारा टक्के ओलावा असेल, तर कोरड्या वजनावर तेच १०.२ पीपीएम होते.

अहवाल वाचणे

यंत्रातला आकडा द्रावणाचा असतो; त्यावरून चूर्णाचा आकडा काढावा लागतो. द्रावणात दर लिटरला ४० मायक्रोग्रॅम शिसे आले, द्रावण ५० मिलिलिटर आहे आणि चूर्ण ०.५ ग्रॅम घेतले होते असे समजू. पन्नास मिलिलिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम शिसे, आणि ते अर्ध्या ग्रॅममधून आलेले, म्हणून चूर्णात दर ग्रॅमला ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४ पीपीएम. कच्च्या नोंदी मागून हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. विरलनाचा गुणक विसरल्याने दहापट चूक झालेले अहवाल मी पाहिले आहेत.

‘आढळले नाही’ हे शब्द वाचून थांबू नये. मोजणी-मर्यादा ५ पीपीएम असलेल्या पद्धतीने ४.८ पीपीएम शिसेही ‘आढळले नाही’ असेच लिहिले जाते. आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असेल, उदाहरणार्थ ९.६ पीपीएम आणि त्याची अनिश्चितता १.२, तर तो नमुना पास की नापास हे विज्ञान ठामपणे सांगू शकत नाही. अशा खेपेची राखीव नमुन्यावर पुन्हा चाचणी करावी.

आता मात्रेचा प्रश्न. आधुनिक औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या औषधातून रोज पोटात जाऊ शकणाऱ्या धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत : शिसे ५, कॅडमियम ५, अजैविक आर्सेनिक १५ आणि अजैविक पारा ३० मायक्रोग्रॅम. वरील ४ पीपीएम शिशाचे औषध अर्ध्या ग्रॅमच्या दोन गोळ्यांच्या रूपाने घेतले तर रोज ४ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. तेच औषध चूर्णरूपात सकाळ-संध्याकाळ तीन-तीन ग्रॅम घेतले तर २४ मायक्रोग्रॅम जाते. औषधकोशाच्या मर्यादेला टेकलेले, म्हणजे १० पीपीएमचे चूर्ण रोज सहा ग्रॅम घेतले तर ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे रोजच्या ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या बारापट. हाच हिशेब इतर तिघांना लावला तर औषधकोशाच्या मर्यादेवरील कॅडमियम १.८, पारा ६ आणि आर्सेनिक १८ मायक्रोग्रॅम होतो. म्हणजे पहिले दोन मर्यादेत बसतात, आर्सेनिक थोडेसे ओलांडते आणि शिसे मात्र फारच पुढे जाते. चार मर्यादांपैकी शिशाची मर्यादा चूर्णासाठी सर्वांत सैल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिशाची निर्धोक पातळी कोणती, हे सांगता येत नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच भूमिका आहे. म्हणून सहा ग्रॅम मात्रेचे चूर्ण बनवणाऱ्या वैद्याने ‘पास’ या शब्दावर न थांबता शिसे ०.८ पीपीएमच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट ठेवावे. मूळ द्रव्य निवडून घेणे, मुळी वाहत्या पाण्यात ब्रशने धुणे आणि रस्त्यावर न वाळवणे यांनी आकडा पुष्कळ खाली आणता येतो. धुण्यापूर्वीचा आणि धुतल्यानंतरचा असे दोन नमुने पाठवले तर तो नेमका किती खाली आला हेही कळते.

घनवटीच्या, म्हणजे काढा आटवून केलेल्या घट्ट अर्काच्या गोळ्यांच्या, बाबतीत उलट दिशेने विचार करावा लागतो. दहा किलो गुळवेलीपासून एक किलो घन निघाला आणि धातू काढ्यात उतरला, तर घनात त्याचे प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकते. प्रत्यक्षात सगळा धातू पाण्यात येत नाही, आणि किती येतो हे वनस्पतीनुसार बदलते. म्हणून कच्च्या गुळवेलीचा अहवाल घनवटीला जोडू नये. तयार घनाची स्वतंत्र चाचणी करावी.

मर्यादा ओलांडली गेली तर

निर्मात्याने खेप लगेच बाजूला काढून तिच्यावर ठळक चिठ्ठी लावावी, राखीव नमुन्याची दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी आणि योगातील प्रत्येक घटक वेगळा तपासावा. बहुतेक वेळा दोष एका घटकात किंवा दळणयंत्रात सापडतो. हळद असलेल्या योगात शिसे सापडले तर हळदीवर पहिला संशय घ्यावा, कारण हळदीला झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्याची भेसळ ज्ञात आहे. त्या वेळी क्रोमियमही मोजून घ्यावे. नापास माल चांगल्या मालात मिसळून सरासरी खाली आणणे हा मार्ग कोणी सुचवला तरी स्वीकारू नये. माल विकला गेला असेल तर तो परत मागवावा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे ग्राहकालाही बॅच क्रमांक, खरेदीची पावती, वेष्टण आणि अहवाल जोडून तक्रार करता येते.

औषध आधीच पोटात गेले असेल तर चूर्णाच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. पोटात कळा, हट्टी मलावरोध, थकवा, कारण न सापडणारा पांडुरोग ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे इतर आजारांतही दिसतात आणि म्हणूनच चुकतात. २०११ आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले, आणि त्यांच्या काही औषधांत शिसे २.४ टक्क्यांपर्यंत होते. परदेशी असलेल्या लेकी-सुनांसाठी सामानात पुड्या बांधून देणाऱ्या आपल्या घरांनी ही घटना लक्षात ठेवावी. घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेली कोणतीही पुडी गर्भवतीला किंवा लहान मुलाला देऊ नये.

शंका आली की औषध थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्तात त्वचेवरचे शिसे मिसळण्याची शक्यता असते, म्हणून शिरेतून काढलेल्या रक्तावर शिशाची चाचणी करावी. निकाल दर डेसिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांसाठी २०२१ पासून ३.५ हा संदर्भ आकडा धरला आहे. शरीरातील शिसे बाहेर काढणारी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ती कधी आणि कोणाला द्यायची याचा निर्णय डॉक्टरच रक्तातील पातळी आणि लक्षणे पाहून घेतात. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनी रक्ताची चाचणी पुन्हा करावी. आकडा उतरला नाही, तर शिशाचा दुसरा उगम घरातच शोधावा लागतो : हळदीचा डबा, कल्हईची भांडी, जुना रंग, किंवा कपाटात राहिलेली त्याच औषधाची दुसरी बाटली.